वाचक विचारतात: संग्रहालयात फोन चालू ठेवायचा की बंद?

गेल्या अंकात संग्रहालयांविषयी लिहिताना मी म्हटलं होतं की फोन दाराशी जमा करून घेण्यापेक्षा त्याला कामाला लावा. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. काहींना ते पटलं, काहींना मुळीच नाही. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी आठवीची मुलं संग्रहालय बघायला नेते, कधी धुळ्याला, कधी चाळीसगावला. मुलं दहा मिनिटांत सगळी दालनं पालथी घालून बाहेर येतात, सेल्फी काढतात आणि वडापावची गाडी शोधतात. मुख्याध्यापक म्हणतात, यंदा फोन आणायलाच बंदी करा. तुम्ही तर उलटं लिहिलंत.
– एक शिक्षिका, पारोळा

बाई, बंदी घालू नका. पण मुख्याध्यापकांच्या काळजीत तथ्य आहे, तेही सांगते. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवून पाहिलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवत होत्या. फोनने टिपलंय म्हटल्यावर डोक्याने ते काम सोडून दिलं. २०१४ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात आपल्या कामाची गोष्ट मात्र पुढे आहे. ज्या वस्तूंचा एखादाच भाग जवळ आणून टिपायला सांगितला होता, त्यांच्या आठवणीत अशी घट झाली नाही. म्हणजे फोन तोच, पण काय टिपायचं हे ठरवायला आधी नीट बघावं लागलं.

तेव्हा यंदा असं करा. पाच मुलांत एकच फोन द्या. प्रत्येकाने एकाच वस्तूचा एकच फोटो काढायचा, आणि तोही अख्ख्या वस्तूचा नाही. मूर्तीच्या पायाशी बसलेला उंदीर, ताम्रपटाची कडी, मोडी कागदावर शाई जिथे फुटली आहे ती जागा, असं काहीतरी. परत आल्यावर वर्गात फोटो दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं की हा कशाचा तुकडा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात यासाठी खूप काही आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. मुलांना मोडी येत नाही, हरकत नाही. पत्राचा फोटो मोठा करून एका ओळीत लेखणी किती वेळा उचलली ते शोधायला सांगा. शोधता शोधता ती त्या कागदासमोर उभी राहतील. तुम्हाला तेवढंच हवं आहे.

फ्लॅश मात्र बंद. कागद आणि कापडावर पडणाऱ्या उजेडाची मर्यादा संग्रहालयं साधारण ५० लक्स धरतात, आपल्या घरातल्या ट्यूबलाइटखाली याहून कितीतरी जास्त उजेड असतो. प्रकाशाने उडालेला रंग पुन्हा येत नाही. फोटो काढायची परवानगी आहे का, हे तुम्ही आधीच फोन करून विचारून ठेवा. मुलांसमोर दाराशी हुज्जत नको.

दगडाची गोष्ट वेगळी. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड) किंवा शिलालेख समोर असेल तर फोनची बॅटरी लावा, पण ती समोरून मारू नका. दगडाच्या अगदी कडेला, जवळजवळ टेकवून धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून आडवा जाईल. जो दगड भर दुपारी सपाट दिसत होता त्यावर घोड्याचे पाय उमटतात, अक्षरांच्या कडा उभ्या राहतात. अभ्यासकही शिलालेख याच पद्धतीने वाचतात. चाळीसगावजवळ पाटण्याला भाऊ दाजी लाड यांना जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या या डोंगराखाली गणित शिकवलं जात होतं! पाटणादेवीला जाणारच असाल तर ही हकीकत बसमध्येच सांगा, तिथे पोचल्यावर माकडांपुढे तुमचं कोणी ऐकणार नाही.

आणि चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर चुकवू नका. स्टेशनजवळच आहे. हा माणूस (१९१२–१९८९) जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसा पडलाच नाही. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड जमवायचा आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. मुलांना आधी फोटो बघू द्या. यातलं काय खरं आणि काय मांडलेलं, यावर भांडू द्या. मग घरी गेल्यावर रवा, राख, काडेपेटी, आरशाचा तुकडा, जे मिळेल ते घेऊन प्रत्येकाने फोनवर असा एक देखावा करून आणायचा. रव्याचं वाळवंट करताना उजेड खिडकीतून कसा घ्यायचा हे मुलाला कळलं, की मूस यांनी काय मेहनत घेतली असेल ते वेगळं सांगावं लागत नाही. फोन नसता तर हा गृहपाठ देताच आला नसता. मुख्याध्यापकांना हाच दाखवा.

ताई, आमच्या गावात जुन्या वाड्याच्या दोन खणांत आम्ही शेतीची आणि घरातली जुनी अवजारं मांडली आहेत: घरोट (दळायचं जातं), मोट, पाभर, कंदील, पायली-शेराची मापं. एका कंपनीने ‘संग्रहालयाचं ॲप’ करून देतो म्हणून कोटेशन दिलं आहे. त्यात वस्तूवर फोन धरला की बैल चालताना दिसतील म्हणतात. रक्कम बघून विश्वस्त गप्प बसले. वाड्यात फोनला रेंजही धड येत नाही. काय करावं?
– एका संग्रहालयाचे विश्वस्त, चोपडा तालुका

दादा, ॲप नको. कोटेशन परत पाठवा.

तुमच्याकडे येणारा माणूस अर्धा तास थांबणार. अर्ध्या तासासाठी कोणी ॲप उतरवून घेत नाही. दाराशी उभं राहून ते उतरेपर्यंत सोबतची मंडळी आत जाऊन बाहेर येतात. शिवाय फोनची प्रणाली दर वर्षी बदलते, तसं ॲपही बदलत राहावं लागतं आणि प्रत्येक वेळी कंपनीला पैसे मोजावे लागतात. चालणारे बैल मुलांना गंमत वाटतील, पण त्या वेळी मुलं फोनच्या पडद्याकडे बघत असतील आणि तुमची मोट बाजूला पडून राहील. जळगावच्या गांधीतीर्थ संग्रहालयात पडदे आणि आवाज फार विचारपूर्वक वापरले आहेत, जरूर बघून या. पण त्यामागे मोठी संस्था आहे, रोज देखभाल करणारी माणसं आहेत. दोन खणांच्या वाड्याने त्याची नक्कल करू नये.

तुम्हाला क्यूआर कोड पुरे. तो कसा वापरायचा हे कोणाला शिकवायला नको, बाजारात मेथीची जुडी घेतानाही आपण तेच करतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो काढला. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोन असतात त्यांवरून फोनला कळतं की कोड सरळ आहे की तिरका. कोड बनवताना दुरुस्तीची पातळी निवडता येते. सगळ्यात वरची घेतलीत तर जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. वाड्यात धूळ आहे, पावसाळ्यात ओल आहे, तुम्ही वरचीच घ्या.

आता बारकावे, कारण इथेच लोक फसतात. जितक्या अंतरावरून फोन धरायचा त्याच्या एक दशांश तरी कोडची रुंदी हवी. हातभर अंतरासाठी पाच सेंटिमीटर घ्या. भोवती पांढरी पट्टी सोडा, तिच्यावर नक्षी काढू नका. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि फोन आंधळा होतो. कोड काचेच्या आत न ठेवता बाहेर लावा, आणि माणूस समोर उभा राहिला की त्याची स्वतःची सावली कोडवर पडते का तेही उभं राहून बघा. उंची आठवीच्या मुलाच्या छातीएवढी, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही पोचेल.

आणखी एक. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइट तुमचा पत्ता न देता स्वतःचा पत्ता कोडमध्ये भरतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. वर्षभराने पैसे मागतात, नाही दिले की कोड मेला. मी एका ठिकाणी पितळी पाट्यांवर कोरून घेतलेले कोड असे बंद पडलेले पाहिले, आणि पितळ काही पुसता येत नाही. स्वतःच्या नावाचा छोटा पत्ता घ्या आणि तोच कोडमध्ये घाला. पत्ता जितका लहान, तितके कोडचे चौकोन मोठे आणि वाचायला सोपे. खाली मराठीत लिहा: ‘इथे पैसे मागितले जात नाहीत.’ आठवड्यातून एकदा प्रत्येक कोड कोणीतरी फोन धरून तपासायचा, कारण त्यावर भलताच कोड चिकटवून लोकांचे पैसे काढणारेही असतात.

रेंजचं म्हणाल तर इंटरनेट लागतच नाही. एक साधा वायफाय राउटर आणि त्याला जोडलेला हातभर लांबीचाही नसलेला छोटा संगणक वाड्यात ठेवायचा. आवाजाच्या सगळ्या फाइली त्यातच. येणाऱ्याने वाड्याच्या वायफायला जोडायचं आणि कोड वाचायचा. दीड मिनिटाचा आवाज साध्या दर्जात, म्हणजे ६४ केबीपीएसमध्ये, साठवला तर सव्वासातशे केबीच्या आसपास बसतो. चाळीस वस्तू धरल्या तरी सगळं मिळून तीस एमबीच्या आत. गावातला संगणक शिकलेला कोणीही मुलगा हे एका सुट्टीत उभं करून देईल, त्याला मानाने बोलवा आणि कामाचे पैसे द्या.

आता खरं काम. कोड वाचल्यावर फोनमधून काय यायला हवं? लेख नको. पडद्यावर चार परिच्छेद आले की माणूस घरोटाकडे पाठ करून वाचत बसतो. आवाज हवा, आणि तो तुमच्या गावातला हवा, अहिराणी असेल तर अहिराणी, तावडी असेल तर तावडी. पुण्याहून आणलेला गोड आवाज नको आणि संगणकाचा तर नकोच नको.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून त्या ओव्या आज आपल्याकडे आहेत. तुमच्या गावात आजही घरोटावर बसून दळलेल्या बाया आहेत, पण त्या सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांचं ऐकून ठेवायला तुमच्या खिशात यंत्र आहे. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

अमळनेर तालुक्यात एका आजीबाईंचा आवाज घ्यायला मी गेले होते. खुर्चीवर बसवून विचारलं, ‘आजी, दळणाविषयी सांगा.’ त्या पदर सावरून ‘पहाटी उठाचं, दळाचं’ एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांना जमिनीवर, घरोटाजवळ नेलं. त्यांनी एक पाय लांब केला, दुसरा दुमडला, खुंट्यावर हात ठेवला आणि आपोआप पहिला घास म्हणून रिकामी मूठ घरोटाच्या तोंडात सोडली. तिथून बोलणं जे सुटलं! ज्वारीचा आवाज वेगळा आणि बाजरीचा वेगळा, दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं, मग टाकी लावायला माणूस यायचा, तो ठोकत असताना डोळे झाकून घ्यायचे, सासूच्या हाताला खुंट्याची कोणती बाजू आणि सुनेच्या हाताला कोणती. मी एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा वस्तू हातात दिल्याशिवाय कोणाला बोलायला सांगू नका.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, आणि भिंतीवर किंवा दाराला दोन गोधड्या टांगा म्हणजे आवाज घुमत नाही. मग त्यातला दीड मिनिट निवडा. निवडताना एक नियम मी फार कडक पाळते: पहिल्याच वाक्याने ऐकणाऱ्याची नजर वस्तूवर गेली पाहिजे. ‘खाले वाकीसन दगडनं पोट देखा’ असं आजीच म्हणाली तर उत्तम. त्यासाठी वरची तळी थोडी तिरकी टेकवून ठेवा किंवा खाली आरसा ठेवा, नाहीतर टाकीचे ठोके दिसणार कसे? पाटीवर माहिती न लिहिता प्रश्न लिहा: ‘खुंटा कुठल्या बाजूने जास्त झिजला आहे?’ उत्तर आवाजात, शेवटी. आधी माणूस वाकून बघेल, मग ऐकेल.

जमलं तर एक पुढची पायरी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ मध्ये लोकांना सांगितलं की आम्हाला संदेश पाठवा, ‘मला समुद्र पाठवा’ किंवा ‘मला निळं काहीतरी पाठवा’, आणि त्यांच्या संग्रहातलं एक चित्र फोनवर येऊ लागलं. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे पस्तीस हजार कलाकृती, भिंतीवर जेमतेम पाच टक्के. तुमच्याकडेही माळ्यावर बांधून ठेवलेलं बरंच असेल. गावच्या व्हॉट्सॲप गटात कोणी ‘बैल’ लिहिलं की घुंगुरमाळेचा फोटो जाऊ द्या. यंत्राची गरज नाही, कोणीतरी हाताने पाठवलं तरी चालेल.

माझं वय झालं, डोळ्यांना अंधूक दिसतं आणि फोन साधा बटणांचा आहे. हल्ली जिथे जावं तिथे ‘कोड वाचा’ म्हणतात. आम्ही संग्रहालयात जायचंच नाही का?
– एक आजी, शिरपूर

आजी, तुमची तक्रार रास्त आहे आणि ती प्रत्येक संग्रहालयाने वाचावी. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला कमी बघायला मिळालं तर ती सोय कसली? कोडशेजारी एक क्रमांक हवा. त्यावर मिस्ड कॉल दिला की उलट फोन येतो, वस्तूचा आकडा दाबला की तोच आवाज कानात. बटणांच्या फोनवर हे छान चालतं. तेवढंही जमत नसेल तर दाराशी चार-पाच जुने फोन आणि कानाला लावायची यंत्रं ठेवावीत, चार्ज करून. कानात सांगणारं यंत्र ही काही नवी चैन नाही, ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्येच पाहुण्यांच्या हातात रेडिओ दिले होते. पाटीवरची अक्षरं मोठी, काळी, पांढऱ्यावर हवीत. आणि काही वस्तू हाताने चाचपायला मोकळ्या ठेवाव्यात. घरोटाच्या दगडाला तुमच्या हाताने काहीही होत नाही.

वरच्या पत्रातले दादा शिरपूरपासून लांब नाहीत, तापी न ओलांडता पूर्वेला गेलं की आलंच. त्यांना आवाज हवे आहेत. चालत असेल तर त्यांना तुमच्याकडे पाठवते, संपादकांना तसं कळवा.

मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या सातपुड्यातल्या होळीचे मोरपिसांचे टोप, ढोल, पावरी, घुंगरांचे पट्टे फोनने थ्रीडी करून ठेवायचा विचार आहे, म्हणजे संग्रहालयात लोक ते पडद्यावर फिरवून बघतील. कोणता फोन घेऊ?
– एक विद्यार्थी, अक्राणी तालुका, नंदुरबार

आहे तो फोन चालेल, नवा घेऊ नकोस. थ्रीडीसाठी वस्तूभोवती फिरत साठ-सत्तर फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग तरी पुन्हा यायला हवा. ढगाळ दिवस निवड किंवा सावलीत काढ, कारण ऊन सरकलं की सावल्या सरकतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. फोटो काढताना वस्तू हलवू नकोस, तू फिर. ढोलाचं लाकूड आणि कातडं झकास येईल. घुंगरं चमकतात, ती नीट येणार नाहीत. मोरपीस तर येणारच नाही, वाऱ्याने हलतं आणि प्रत्येक कोनातून रंग बदलतं. त्याचा व्हिडिओ घे, टोप डोक्यावर असताना, नाचताना.

पण तुझ्या यादीतली निम्मी चीज वाजणारी आहे, आणि मुका ढोल फिरवून बघण्यात काय हशील? काठी गावच्या होळीला रात्रभर जे वाजतं ते ज्याने ऐकलं नाही त्याला थ्रीडी ढोल म्हणजे एक पिंप. तेव्हा आधी आवाज. एकदा ढोल एकटा वाजवून घे, एकदा सगळ्यांबरोबर, आणि एकदा कातडं तापवून ताण देतानाचा. बनवणाऱ्याचे हात चालू असताना त्याला तुमच्या बोलीत बोलू दे, मराठी करायची घाई नको, खाली ओळी देता येतात.

त्याआधी गावच्या जाणत्यांना विचार. होळीतल्या काही वस्तू व्रताच्या असतात, त्या कोणी शिवाव्यात, केव्हा बाहेर काढाव्यात याचे नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. ज्याला ते नाही म्हणतील त्याचा फोटोही काढू नकोस, इंटरनेटवर टाकणं तर दूरच. जे काढशील त्याच्या फाइलीला गाव, वस्तू, वाजवणाऱ्याचं नाव (त्याची हरकत नसेल तर) आणि तारीख दे, ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असं ठेवलंस तर सहा महिन्यांनी तुलाच ओळखता येणार नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक महाविद्यालयात, आणि एक ज्याने वाजवलं त्याच्या फोनमध्ये, तिथून निघायच्या आधी.